वाळ्याच्या रानातली घंटी

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे कळलं की लोक विचारतात, कुणामुळे शिकलात? मी आईवडिलांचं नाव घेतो, शिक्षकांचं घेतो, आणि मनापासून घेतो. पण सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी खोदून विचारलं तर माझं उत्तर एकच असतं: सर्जेराव कंडक्टर. त्यांचं आडनाव गावातल्या निम्म्या लोकांना आठवत नाही. लहानथोर सगळे त्यांना तात्या म्हणतात.

तात्यांच्या रानात एसटीची घंटी आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी इस्लामपुरात एका भंगारवाल्याकडून ती शोधून आणली, मोटारीच्या खोलीच्या छपराखाली टांगली आणि तिची दोरी बांबूंवरून थेट खालच्या बांधापर्यंत ओढत नेली. बांधावरून दोरी एकदा ओढली की काम थांबवायचं, दोनदा ओढली की सुरू करायचं. मोटार चालू करायची तर डबल. भांगलायला आलेल्या बायकांना भाकरी खाऊन झाल्यावर उठवायचं तर डबल. तात्यांच्या कुत्र्याचं नाव विनाथांबा आहे, कारण ते भुंकायला लागलं की मधे कुठे थांबत नाही. पण सिंगल ऐकली की तेसुद्धा गप्प बसतं.

मी पहिल्यांदा ही व्यवस्था पाहिली तेव्हा म्हणालो, “तात्या, मोबाईल हाय की. मोटारीजवळच्या मानसाला फोन लावायचा.”

तात्या म्हणाले, “फोन उचलायचा तर चिखलाचं हात धुवाय लागत्यात. घंटी कानानं उचलता येती.”

तात्यांच्या बऱ्याच खुळांचं असंच आहे. लांबून हसू येतं, जवळ गेलं की काहीतरी कारण निघतं. ते कारण काय असेल, याचं कुतूहल मला लहानपणापासून आहे.

रानात त्यांची भाषाही नोकरीतलीच राहिली आहे. वाफ्यातल्या ओळीला ते सीट म्हणतात. नुकतं लावलेलं रोप म्हणजे हाफ तिकीट. तण म्हणजे विनातिकीट. ते उपटताना तात्या प्रत्येकाला “उतर खाली” असं सांगतात. बांधाकडेला अडुळसा आणि तुळस आहे, ती पायरीवर उभी राहणारी मंडळी. नाल्याच्या बाजूला कायम पाणी साचतं, तिथे वेखंड आहे. त्याच्याविषयी तात्या आदराने बोलतात. “ही मागची सीट. सगळं धक्कं ह्येच्याच वाट्याला. पन तक्रार न्हाई.”

रोज सकाळी ते रानातून एक फेरी मारतात. घरून निघताना बायकोला सांगतात, “तपासणीला जाऊन येतो.” वत्सलाकाकी चुलीपुढून म्हणतात, “जावा. कुनी बिगरतिकिटाचं घावलं तर घरला आनू नगा, भाकरी मोजक्याच हायत.”

आता माझं सांगतो. माझे वडील दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजायला जायचे. मी इस्लामपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा घरात कुणालाही त्याचा अर्थ नीट कळला नव्हता. मलासुद्धा नव्हता. अडचण अशी होती की प्रात्यक्षिकं दुपारनंतर असायची आणि लांबायची. गावाकडे येणारी शेवटची गाडी संध्याकाळी स्टँडवरून सुटायची. ती चुकली तर इस्लामपुरात राहायला आमचं कुणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी हातातली परीक्षानळी तशीच टाकून पळत स्टँडवर आलो, तर गाडी हलायच्या बेतात. मागच्या दारात तात्या उभे होते. त्यांनी मला बघितलं आणि घंटीवरचा हात काढून घेतला.

त्या दिवसापासून प्रात्यक्षिक असेल त्या दिवशी शेवटची गाडी माझ्यासाठी थांबायची. आत बसलेले लोक ओरडायचे. कुणाच्या म्हशीची धार खोळंबलेली असायची, कुणाच्या पिशवीतली मेथी सुकत असायची. तात्यांनी यावर एक उपाय काढला. मी धापा टाकत आत आलो की ते डबल मारायचे आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचे, “ह्या गड्यामुळं गाडी थांबली. आता ह्यो सांगंल, आज काय शिकला. सांग रं, आज कुठलं पानी कुठल्या पान्यात वतलंस?”

मग मला उभं राहून दिवसाचं प्रात्यक्षिक सांगावं लागायचं. सुरुवातीला मी लाजेने पायांकडे बघूनच बोलायचो. ज्यांना क्षार म्हटलं की फक्त जेवणातलं मीठ माहीत, अशा माणसांना क्षाराचं पृथक्करण समजावून सांगायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पण हळूहळू गाडीला गोडी लागली. माळव्याच्या, भाजीपाल्याच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या बायका विचारायला लागल्या, “आज पिवळं आलं का पांढरं?” नळीत तळाला काय बसलं, याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त काळजी. एकदा मी चुकीचा रंग सांगितला, तर ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, “मंगळवारी तर निळं म्हनला हुतास.” मी परीक्षेत पास झालो त्याचं निम्मं कारण ती गाडी होती. घरी अभ्यासाला बसायच्या आधीच माझी उजळणी होऊन जायची.

तात्यांना गाडी उशिरा नेल्याबद्दल वरून बोलणी बसत होती, हे मला फार नंतर कळलं. त्यांनी ते कधी सांगितलं नाही.

मुळात तात्या वनस्पतींकडे वळले तेही एसटीमुळेच. शिराळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूला त्यांची कधी कधी ड्यूटी लागायची. तिथल्या बायका बोचकी घेऊन गाडीत चढायच्या. हिरडा, शतावरी, कसल्या कसल्या साली आणि मुळ्या. तात्या सामानाचं तिकीट फाडायचं म्हणून विचारायचे, “बोचक्यात काय?” खरं तर तिकीट हे निमित्त. त्यांना जाणून घ्यायचं असायचं. कशाला लागतं, कोण घेतं, कुठे उगवतं, पाणी किती खातं. एका म्हातारीने एकदा वाळ्याच्या मुळ्यांचं गाठोडं आणलं होतं. ती उतरून गेली तरी दिवसभर गाडीला वास येत राहिला. संध्याकाळच्या फेरीला चढलेले लोक विचारत होते, आज गाडी धुतली का?

तात्या म्हणतात, “मानूस उतारला तरी वास बसूनच हुता. म्या तवाच ठरवलं, ह्येला एक दिस आपल्या रानात जागा द्यायची.”

रान त्यांच्याकडे होतं, पण कुणी हेवा करावा असं नव्हतं. आमच्या गावाला उसाने पैसा दिला आणि उसाच्या पाण्याने जमीन घेतली. वर वर्षानुवर्षं पाणी पाजलं, ते सगळं उतरून खालच्या रानात मुरलं. जमीन पाणथळ झाली, मग क्षारपड झाली. उन्हाळ्यात तिथे पापडावर मीठ फुटावं तसा पांढरा थर यायचा. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. त्या खालच्या रानात मोठ्या बागायतदाराचं काही नव्हतं. सगळे थोड्या थोड्या गुंठ्यांचे धनी. काहींनी ते कसायचं सोडूनच दिलं होतं.

तात्यांनी तिथे वाळा लावला तेव्हा गाव बघायला आलं. बांधावरून एकाने विचारलं, “तात्या, हे काय?”

“वाळा.”

“दिसतंय तर गवत.”

“गवतच हाय.”

“आवं, आमी जलमभर गवत उपटलं. तुमी लावाय निघालासा व्हय?”

आणि पहिल्या खेपेला तात्यांनी एक चूक केली, जी फक्त उसाच्या मुलखातला माणूस करेल. आमच्याकडे पीक म्हणजे जमिनीच्या वर जे दिसतं ते. जेवढं उंच, तेवढी मान ताठ. तात्यांनी वाळ्याला उसासारखं पाणी दिलं, उसासारखा युरिया दिला. वाळा माणसापेक्षा उंच गेला. तात्यांनी त्यात उभं राहून फोटो काढून घेतला, त्यात त्यांची फक्त टोपी दिसते. हसणारे लोक गप्प झाले. मग खणायचा दिवस आला. ठोंब उपटला, तर खाली मुळ्या किती? मिसरूड फुटणाऱ्या पोराच्या ओठावर असतात तेवढ्या.

वत्सलाकाकींनी तो ठोंब उलटा धरून बघितला आणि म्हणाल्या, “गाडीवरचा टप भरलाय. आत कोन बसलंच न्हाई.”

तात्या दोन दिवस घंटीला शिवले नाहीत. मग पुन्हा लावण केली. या वेळी पाणी तोडून तोडून दिलं, युरियाचं पोतं शेजाऱ्याला देऊन टाकलं आणि पानं वेळेवर कापली. वर खायला मिळेनासं झालं की वाळा खाली शोधायला जातो, हे त्यांना आता समजलं होतं. आणि ते क्षारपड, पाणथळ रान, ज्यात ऊस मान टाकायचा, तिथे या गवताने निमूटपणे मूळ धरलं.

तोवर मी शिरवळला एका सुगंधी तेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो होतो. तात्यांनी पिशवीभर मुळ्या माझ्याकडे दिल्या. “बघ, पिवळं येतंय का पांढरं.” मी नमुना ऊर्ध्वपातनाला लावला. वाळ्याचं तेल सावकाश येतं, थेंबाथेंबाने, मधासारखं दाट. साहेबांनी कागदाची पट्टी त्यात बुडवून नाकाशी धरली आणि पुन्हा एकदा बुडवून हुंगली. मग विचारलं, “माल कुठला?”

“आमच्या गावचा.”

“किती आहे?”

“पिशवीभर.”

साहेब हसले. चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितलं की माल उत्तम आहे, आम्ही घेऊ, पण गाडी पाठवायची तर ती भरली पाहिजे. अर्ध्या गाडीचा फेरा परवडत नाही.

हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मला काही समजेना. मला ती अट वाटली होती. त्यांना ते बोलावणं वाटलं. गाडी भरायची, हे काम त्यांना जन्मभर येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खालच्या रानाच्या प्रत्येक धन्याच्या दारात उभे राहिले आणि स्टँडवर ओरडतात तसं ओरडले, “चला, शिरवळ, शिरवळ, शिरवळ. जागा हाय. बसून घ्या.”

लोक हसले, पण बसले. एक तर त्या रानात गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसरं म्हणजे तात्यांच्या गाडीतून आजवर कुणी पडलं नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडाला सगळ्यांनी एकाच आठवड्यात लावण केली. ठोंब तात्यांनीच दिले. देताना प्रत्येकाला एकच गोष्ट बजावली, “ह्येला उपाशी ठिवायचं. लाड करायचं न्हाईत.”

सगळ्यांनी ऐकलं. सुमनकाकींनी ऐकलं नाही.

सुमनकाकींचा तुकडा सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत शेवटी, नाल्याला लागून. नवरा गेल्यापासून घरात त्या आणि एक म्हैस. वाळ्याला उपाशी ठेवायचं हे काही त्यांच्या मनाला पटेना. तात्या वरच्या बांधावर असताना त्या मुकाट बसायच्या आणि ते घरी गेले की पाटाचं दार आपल्याकडे वळवायच्या. युरियाही टाकायच्या, म्हशीला सरकी घालावी तसा, मूठ मूठ. त्यांचा वाळा सगळ्यांत हिरवा, सगळ्यांत उंच. येणारेजाणारे थांबून बघायचे. नवऱ्याच्या माघारी त्यांच्या रानाकडे कुणी कौतुकाने बघितलं ते पहिल्यांदाच. तात्यांनी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “जागाच चांगली हाय ही.” तात्यांनी मान हलवली. मागच्या सीटविषयी त्यांना आधीपासूनच आदर होता.

दुसऱ्या वर्षी थंडी सरता सरता खणायची वेळ झाली. मी साहेबांशी बोलून गाडीचा दिवस ठरवला, सोमवार. आदल्या शनिवारी गावी गेलो. तात्यांबरोबर प्रत्येकाच्या रानातला एक एक ठोंब उपटून बघायचा होता. सगळे धनी बरोबर होते. पहिला ठोंब निघाला, तर खाली जटा उतराव्यात तशा मुळ्या, आणि वास असा की विनाथांबा शिंकला. दुसरा तसाच, तिसराही. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. शेवटी सुमनकाकींच्या तुकड्यावर आलो. एवढा मोठा ठोंब, म्हणून दोघे जण लावले. तो एका हिसक्यात वर आला आणि दोघेही मागे पडले.

कुणी हसलं नाही. मुळ्या अगदीच लेच्यापेच्या होत्या. तात्यांना बघताक्षणी कळलं, त्यांनीही तसाच एक ठोंब कधीतरी हातात धरला होता. “काकी, काय घातलंसा ह्येला?”

सुमनकाकी पदर दातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “उपाशी कसं ठिवायचं वो तात्या? लावलेलं लेकरू.”

तिथून वाद सुरू झाला. या धन्यांत एक सुभेदार आहेत. फौजेतून येऊन वर्षं झाली तरी त्यांचं घड्याळ अजून फौजेचंच आहे. ते म्हणाले, “तात्या, टाइम म्हंजे टाइम. सोमवारी गाडी येनार. बाकीच्यांच्या मालानं भरती ती. उद्या सकाळी डबल मारा आन खनाय सुरू करू.”

“आन काकीचं?”

“काकीचं फुडच्या बारीला. दोन-तीन महिन्यांत भरंल की मुळी.”

“भरंल. पन फुडच्या बारीला गाडी कुठली? एवढुशा मालाला शिरवळासनं कोन गाडी धाडतंय?”

ते खरं होतं. काकींचा माल एकट्याने कधीच गाडी भरणार नव्हता. या गाडीत त्या बसल्या नाहीत तर त्यांना गाडीच नव्हती. आणि बाकीच्यांनी आता खणून माल ठेवून द्यायचा, तर मुळ्या सुकून वजन घटणार होतं. थांबायचं तर सगळ्यांनीच थांबायचं, मुळ्या जमिनीत ठेवून.

सुमनकाकी म्हणाल्या, “माज्यापायी कुनी थांबू नगा. माझं म्या म्हशीला घालीन.”

“पाती म्हस खाईल. तुमच्या दीड वर्साचं काय?” तात्या म्हणाले. मग त्यांनी बांधावरच्या खुंट्याला बांधलेली घंटीची दोरी सोडली, तिचं टोक गुंडाळून मांडीखाली घेतलं आणि वर बसले. “घंटी वाजायची न्हाई. पाऊस लागायच्या आत कवाबी खनलं तरी चालतंय. काकीचं भरलं की डबल मारतो.”

सुभेदार तापले. “ह्येच. ह्येच तुमचं आवंदाचं न्हाई, जलमभराचं हाय. कुनीतरी मागनं पळत येनार आन तुमी गाडी धरून बसनार. तुमच्या ह्या सवयीनं सगळं गाव आयुष्यभर घरी उशिरा पोचलं.”

“पोचलं न्हवं?” तात्या म्हणाले.

सुभेदार बुटाने ढेकूळ फोडत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, “माझ्या पहिल्या सुट्टीला तुमीच थांबला हुता. ट्रंक घेऊन पळत हुतो म्या.”

“जड हुती रं लय,” तात्या म्हणाले. “काय भरलं हुतंस त्यात?”

“आईला हीटर आनला हुता. गावात लाइट कुठं ऱ्हायची तवा.”

आता मात्र सगळे हसले, सुमनकाकीसुद्धा, डोळे पुसत. सुभेदारांनी सगळ्यांच्या वतीने जाहीर केलं की गावाची हरकत नाही, कारखान्याने थांबलं पाहिजे. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कारखाना माझा नव्हता. गाडी तर त्याहून नव्हती. सोमवारी ती आली नाही तर कारखाना दुसऱ्या गावचा माल घेऊन मोकळा होईल आणि मग काकींसकट सगळेच खाली राहतील, हे मला दिसत होतं. तात्यांनाही दिसत असणार.

मी खिशातून फोन काढला. तात्यांनी हात वर केला.

“फोनवर न्हाई. जाऊन तोंडानं इचार तुझ्या सायबाला. आन काय ठरंल ते मला कागदावर धाड. व्हय असूंदे, न्हाई असूंदे. बोललेल्यावर म्या आजपातुर कुनाला गाडीत घेतलं न्हाई. तिकीट लागतंय.”

संध्याकाळी वत्सलाकाकींकडे जेवायला होतो. तात्या घरात नव्हते. काकी म्हणाल्या, “जा, बोलावून आन. थांब्यावर असत्याल.”

“एवढ्या संध्याकाळी थांब्यावर काय करत्यात?”

काकींनी तव्यावरची भाकरी उलटली. “रिटायर झाल्यापास्नं रोज जात्यात. मुक्कामाची गाडी यायच्या टायमाला. पोरंबाळं न्हाईत आमाला, पन रोज कुनाच्यातरी लेकराची वाट बघून येत्यात.”

मी गेलो. तात्या पारावर बॅटरी घेऊन बसले होते. मला बघून थोडे सरकले, बसायला जागा केली. गाडी आली. चारदोन माणसं उतरली, शेवटी कॉलेजची एक मुलगी, पाठीला दप्तर. तिची वाट अंधारातून होती. तात्यांनी जागेवरूनच बॅटरीचा झोत तिच्या पुढे टाकला आणि तिच्या दाराची कडी वाजेपर्यंत तसाच धरला. तरणा कंडक्टर दारातून म्हणाला, “काय तात्या, तपासणी का?”

“मागं स्टँडवर कोन ऱ्हायलं न्हाई न्हवं?” तात्यांनी विचारलं.

“न्हाई तात्या. बघून डबल मारली.”

“झाक.” तात्यांनी बॅटरी बंद केली.

परत येताना मी त्यांना विचारलं, जे मला कॉलेजपासून विचारायचं होतं. एवढी बोलणी खाऊन ते का थांबायचे? तात्या जरा ओशाळून म्हणाले, “मागच्या काचंतनं पळत येनारं मानूस दिसलं की हात दोरीकडं जायाचाच न्हाई बघ. हातच उठायचा न्हाई. त्येला म्या काय करू?”

रविवारी मी शिरवळला परतलो आणि सोमवारी सकाळी कारखाना उघडायच्या आधी साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. दुपारी तात्यांना जे पत्र टाकलं, ते असं:

ती. स्व. सर्जेरावतात्या यांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही कागद मागितला होता, म्हणून लिहितो. आजची गाडी थांबवली आहे. ती पाऊस लागायच्या आधी येईल. साहेबांनी तसं लिहून दिलं आहे, तो कागद यासोबत जोडला आहे. सुभेदारांना दाखवा.

साहेब आधी नाही म्हणाले. त्यांनी विचारलं, एका बाईच्या एवढ्याशा तुकड्यासाठी सगळ्या गावाने आणि कारखान्याने का थांबायचं? मला व्यवहारातलं उत्तर सुचलं नाही. म्हणून मी त्यांना इस्लामपूरच्या स्टँडचं सांगितलं. शेवटची गाडी, माझी प्रात्यक्षिकं, बायकांचं पिवळं आणि पांढरं, सगळं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, गाडी थांबली नसती तर? मी म्हणालो, तर तुमच्या प्रयोगशाळेत आज दुसरं कुणीतरी असतं, आणि तो माल उत्तम आहे हे तुम्हाला कळलंच नसतं. मग त्यांनी कागद ओढून घेतला.

काकींच्या वाळ्याची पाती आता गुडघ्याएवढी कापून घ्या. पाणी पूर्ण तोडा. त्यांना वाईट वाटेल, तर पाती म्हशीला घालू द्या, म्हणजे कुणाला तरी पोटभर घातल्याचं समाधान राहील. काकींच्या बाजूचं पाटाचं दार बांधून टाका. बाकीच्यांनी मुळ्या जमिनीतच ठेवाव्यात, त्यांचं काही नुकसान नाही, उलट तेल वाढेल.

दिवस ठरला की पुन्हा कागदावरच कळवतो. त्या दिवशी गाडीबरोबर मी येणार आहे. तुम्ही वर ड्रायव्हरजवळ बसा. मागच्या दारात या वेळी मी उभा राहतो. काकींचं शेवटचं गाठोडं आत आल्याशिवाय हात घंटीकडे नेणार नाही.

वत्सलाकाकींना नमस्कार.

तुमचा,
शेवटच्या गाडीतला